मालकी आणि वहिवाट : ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबची १५० वर्षे

ज्या गावच्या मागांवर विणलेली धोतरे आगबोटीतून मुंबई बंदरात उतरत आणि घाऊक पेढ्यांमार्फत देशावरच्या आठवडेबाजारांपर्यंत पोचत, ज्या परगण्याच्या कापडावर बहिष्कार पुकारून १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली, त्याच लँकेशायर परगण्यातील त्याच ब्लॅकबर्न गावच्या फुटबॉल क्लबची मालकी १९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्याच्या एका उद्योगी घराण्याकडे आली. ब्लॅकबर्न रोव्हर्स हे त्या क्लबचे नाव. मुंबईच्या कूपरेज मैदानावर गाजलेल्या रोव्हर्स कपाशी त्याचे कोणतेही नाते नाही, हे आपल्याकडील जुन्या शौकिनांसाठी प्रारंभीच नमूद केलेले बरे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी या संस्थेने १५० वर्षे पूर्ण केली, आणि तिच्या गेल्या १५ वर्षांच्या कारभाराचा एक धागा पुण्यात गुंतलेला असल्यामुळे हा इतिहास मराठी वाचकाला परका वाटू नये.

स्मरणिकेत घरातील तंटे ओसरीवर आणू नयेत, अशी आपल्याकडील जुनी आणि चांगली रीत आहे. ती या लेखातही शक्य तेवढी पाळली आहे. परंतु या संस्थेच्या चरित्रात ‘क्लब कोणाचा?’ हा प्रश्न निरनिराळ्या रूपाने इतक्या वेळा उभा राहिला आहे की तो वगळला तर चरित्रच उरणार नाही. आपल्या सातबारा उताऱ्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ती नोंद एकीकडे असते आणि त्या जमिनीत कोणी काय पिकवले ती नोंद दुसरीकडे. मालकी आणि वहिवाट यांचा हा भेद ज्याला उमगला, त्याला ब्लॅकबर्नचा इतिहास समजण्यास फारसा प्रयास पडणार नाही.

१८७५ ते १८८५ : तळ्यावर घातलेल्या फळ्या

श्रूजबरी येथील नामांकित शाळेतून बाहेर पडलेल्या जॉन लुइस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोन तरुणांनी बोलावलेल्या सभेस किंग विल्यम स्ट्रीटवरील सेंट लेजर हॉटेलात १७ जण जमले, आणि ‘असोसिएशन’ नियमांनी फुटबॉल खेळणारी मंडळी स्थापण्याचा निर्णय झाला. ती तारीख ५ नोव्हेंबर १८७५ ही होती. पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन होऊन तेव्हा पाच वर्षे लोटली होती, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, घरच्या सुताचा आग्रह धरून ब्लॅकबर्नसारख्याच गावांच्या मालाला पर्याय शोधत होते. दोन्हीकडे उत्साह एकाच जातीचा होता : चार माणसांनी एकत्र यावे, वर्गणी काढावी, चिटणीस नेमावा आणि कामाला लागावे.

पहिला सामना १८ डिसेंबर १८७५ रोजी चर्च नावाच्या शेजारच्या गावी झाला आणि १–१ असा बरोबरीत सुटला. स्वतःचे मैदान नव्हते. पुढे मिळाले ते ऊझहेड येथील एका शेताचे कुरण, आणि त्याच्या ऐन मध्यभागी गुरांना पाणी पाजण्याचे तळे होते. मंडळींनी तळ्यावर लाकडी फळ्या टाकल्या, त्यांवर गवताची ढेपळे अंथरली आणि खेळ सुरू केला. खेळाडूच्या बुटाखाली मैदानाचा मध्य पोकळ वाजत असेल, आणि तरीही दर शनिवारी तेथे जाऊन खेळावेसे वाटणारी माणसे त्या गावात होती, एवढे भांडवल संस्थेला पुरेसे झाले. संस्थापकांपैकी लुइस हे पुढे इंग्लंडातील अग्रगण्य पंच म्हणून ख्याती पावले. १९०८ आणि १९२० या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत पंचाची शिट्टी त्यांच्याच हाती होती.

१८८० मध्ये फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट शेजारच्या डार्वेन संघातून रोव्हर्समध्ये आला. इंग्लंडचा दगड फार कठीण आहे, असे कारण सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली होती. ती ठेवल्यानंतर त्याचा चरितार्थ कशावर चालत होता हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि नियमांच्या पुस्तकाला ते ठाऊक असून चालणार नव्हते. खेळासाठी पैसे घेणे तेव्हा निषिद्ध होते. हौशी खेळ ही सुखवस्तू माणसाची चैन आहे आणि गिरणीत आठवडाभर खपणाऱ्याला शनिवारच्या खाड्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, हे म्हणणे उत्तरेकडील गावांनी इतके लावून धरले की जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाला मान्यता देण्यावाचून इंग्लंडातील फुटबॉल संघटनेला गत्यंतर राहिले नाही.

दरम्यान मैदानावरील यश थक्क करणारे होते. १८८२ मध्ये एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात रोव्हर्स हे उमरावांच्या ईटन शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्स संघाकडून एका गोलाने हरले. पुढच्याच वर्षी गावातील दुसऱ्या, कामगारांच्या ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ या संघाने त्याच उमरावपुत्रांना २–१ असे नमवून चषक प्रथमच उत्तरेत नेला. त्यानंतर १८८४, १८८५ आणि १८८६ अशी लागोपाठ तीन वर्षे चषक रोव्हर्सने जिंकला, आणि त्याबद्दल त्यांना खास रुप्याची ढाल बहाल करण्यात आली. ऑलिंपिक १८८९ मध्ये विसर्जित झाला. रोव्हर्स टिकले याचे श्रेय खेळाडूंइतकेच वर्गणी गोळा करणाऱ्या, रेल्वेची तिकिटे काढणाऱ्या आणि हिशेबाच्या वह्या जपणाऱ्या अनाम कार्यकर्त्यांना आहे.

१८८५ ते १९१४ : सभासदांचे भागधारक

१८८८ मध्ये १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली, त्यांत रोव्हर्स होते. १०४ वर्षांनी प्रीमियर लीग निघाली तेव्हाही ते होते. दोन्ही वेळी हजर असलेले क्लब तीनच : ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हा. १८९० मध्ये संस्था इवुड पार्क या आजच्या मैदानावर आली, आणि त्या वर्षी शेफील्डच्या वेन्सडे संघावर ६–१, तर पुढच्या वर्षी नॉट्स काउंटीवर ३–१ असे विजय मिळवून तिने आणखी दोन चषक मिळवले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १८९७ चे. त्या वर्षी वर्गणीदारांची मंडळी मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. मैदान, दिवे, वेतने आणि कर्जे यांचा बोजा चिटणिसाच्या खाजगी खिशावर राहू नये, एवढाच त्यामागील हेतू होता, आणि तो रास्तही होता. मात्र त्या दिवसापासून क्लब हा खरेदी-विक्रीस योग्य असा जिन्नस बनला. त्याचा धोका इंग्लंडातील फुटबॉल संघटनेने ओळखला, आणि लाभांशावर मर्यादा घालून, तसेच संचालकांनी वेतन घेऊ नये असा दंडक करून, भागधारकाला नफेखोर होऊ न देता विश्वस्त राहण्यास भाग पाडले. हे बंधन पुढे अनेक दशके टिकले. या एका नियमाने कितीएक गावांचे क्लब सटोडियांच्या हातून वाचले असतील, असे मला वाटते.

या काळातील कर्तबगार अध्यक्ष म्हणजे गिरणीमालक लॉरेन्स कॉटन. फॉल्कर्कहून जॉक सिम्प्सनला १,८०० पौंडांस आणि वेस्ट हॅमहून डॅनी शेला २,००० पौंडांस आणताना त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि १९१२ व १९१४ मध्ये संघ देशाचा विजेता ठरला. त्या संघाचा कणा बॉब क्रॉम्प्टन. त्याने क्लबसाठी ५२८ लीग सामने व देशासाठी ४१ सामने खेळले, आणि निवृत्तीनंतर संघाची सूत्रेही सांभाळली. १९४१ मध्ये रोव्हर्सचा सामना पाहत असतानाच त्याला मृत्यूने गाठले. वहिवाट म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

१९१४ ते १९६० : मंदीची वर्षे

१९२८ मध्ये हडर्सफील्डला ३–१ असे हरवून सहावा चषक आला. तो या क्लबचा आजवरचा शेवटचा एफ. ए. कप. गावचे नशीब मात्र उतरणीला लागले होते. हिंदुस्थान आता स्वतःचे कापड स्वतः विणू लागला होता, जपानी माल बाजारात शिरला होता, आणि स्वदेशीच्या चळवळीने उरलीसुरली गिऱ्हाइकी आटवली होती. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी शेजारच्या डार्वेन येथे मुक्कामास आले, तेव्हा ज्यांचा रोजगार त्यांच्या बहिष्काराने गेला त्याच गिरणीकामगार स्त्रियांनी त्यांच्याभोवती उभे राहून जयजयकार केला. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये संघ प्रथमच पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. तीन वर्षांनी तो दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन परतला, आणि लगेच महायुद्ध सुरू झाले.

१९६० ते १९९० : दिवस काढले

१९६० चा चषकाचा अंतिम सामना वुल्व्हरहॅम्प्टनकडून ३–० असा गमावला. त्या दिवशी वेम्बली मैदानावर डेव्ह व्हेलन नावाच्या रोव्हर्सच्या बचावपटूचा पाय मोडला. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. १९६१ मध्ये खेळाडूंच्या वेतनावरील कमाल मर्यादा उठल्यावर मोठ्या शहरांचे क्लब जे देऊ शकत होते ते ब्लॅकबर्नला देणे अशक्य झाले. १९६६ मध्ये संघ दुसऱ्या आणि १९७१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. शतकपूर्तीच्या वर्षी, १९७५ मध्ये, तो तिसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला. हे खडतर दिवस स्थानिक व्यापारी, वकील आणि कारखानदार यांच्या संचालक मंडळाने काटकसरीने काढले. तेव्हा मालक आणि प्रेक्षक एकाच रस्त्याने मैदानावर येत, आणि पराभवानंतर एकाच रस्त्याने परत जात.

१९९१ ते २००० : गावचा मुलगा

जॅक वॉकर हे १९२९ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मले. वडिलांच्या पत्र्याच्या लहानशा धंद्याचा त्यांनी भावाच्या साहाय्याने एवढा विस्तार केला की १९९० मध्ये ‘वॉकरस्टील’ ही पेढी ब्रिटिश स्टीलने ३३ कोटी पौंडांस विकत घेतली. १९९१ च्या जानेवारीत त्यांनी क्लब ताब्यात घेतला. मैदानाचे तीन सज्जे नव्याने बांधले, केनी डाल्ग्लिशसारख्या नामवंत व्यवस्थापकास दुसऱ्या श्रेणीतील क्लबवर आणले, ॲलन शिअररसाठी ३६ लाख आणि ख्रिस सटनसाठी ५० लाख पौंड मोजले. खेळाडूंच्या खरेदीचे हे आकडे त्या वेळी विक्रमी मानले गेले.

१४ मे १९९५ या दिवसाचे वर्णन थोडे सविस्तर करण्याचा मोह आवरत नाही. लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर, म्हणजे डाल्ग्लिश यांच्या जुन्या कर्मभूमीत, शेवटचा सामना होता. शिअररने हंगामातील ३४ वा गोल करून आघाडी मिळवून दिली, जॉन बार्न्सने बरोबरी साधली, आणि अगदी अखेरच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री-किकने लिव्हरपूल २–१ असे जिंकले. दोन गुणांनी पुढे असलेला संघ हरला होता. परंतु लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १–१ या बरोबरीच्या पुढे जाता आले नव्हते. ती वार्ता मैदानावर येताच पराभूत संघाचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि ८९ गुणांवर, युनायटेडपेक्षा अवघ्या एका गुणाने, ८१ वर्षांनी विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. चषक हाती घेतलेल्या वॉकर यांच्या डोळ्यांत पाणी होते. जर्सी बेटावर राहणारा हा मनुष्य धनाढ्य होता म्हणून गावाने त्याच्यावर प्रेम केले, असे मी मानत नाही. लहानपणी ज्या सज्ज्याखाली तो उभा राहिला तोच सज्जा त्याने पुन्हा बांधला, म्हणून केले.

एकाच उदार माणसावर सारा डोलारा उभा असण्यातला धोकाही याच दशकात दिसला. १९९६ मध्ये शिअरर न्यूकॅसलला गेला, आणि १९९९ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. १७ ऑगस्ट २००० रोजी वॉकर निवर्तले.

२००० ते २०१० : विश्वस्तांचे दशक

त्यांच्या पश्चात मालकी कौटुंबिक न्यासाकडे गेली. २००१ मध्ये ग्रॅहम सूनेस यांच्या मार्गदर्शनाखाली संघ परत वर चढला, आणि २००२ मध्ये कार्डिफ येथे टॉटनहॅमला २–१ असे हरवून लीग कप मिळवला. अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी लहान गावचा क्लब मोठ्या लीगमध्ये दशकभर टिकवून दाखवला, ही कामगिरी एखाद्या चषकाहून कमी नव्हे.

परंतु न्यास म्हणजे व्यक्ती नव्हे. न्यासाला लाभार्थ्यांचे हित पाहावे लागते, आणि फुटबॉल हा भांडवल खाणारा व्यवसाय असल्यामुळे तो दुसऱ्याकडे सोपवण्याचा विचार विश्वस्तांच्या मनात येणे स्वाभाविकच होते. खरेदीदाराचा शोध काही वर्षे चालला. बहरीनच्या एका इच्छुकाशी झालेली बोलणी फिसकटली. अखेर पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज उद्योगसमूहाने, लंडन येथे त्यासाठी स्थापलेल्या कंपनीद्वारे, २ कोटी ३० लाख पौंड देऊन आणि सुमारे २ कोटींचे कर्ज शिरावर घेऊन क्लब विकत घेतला. प्रीमियर लीगमधील क्लब भारतीय मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

२०१० ते २०२० : अखत्यार कोणाचा?

या उद्योगसमूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव हे भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक मानले जातात. १९७१ मध्ये त्यांनी व्यवसाय उभारला, आणि १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन करण्यात पुढाकार घेतला. तोवर अंड्याचा दर दलाल ठरवी आणि कुक्कुटपालकाने तो निमूटपणे घ्यावा अशी रूढी होती. आपल्या मालाचा दर आपण ठरवायचा, हा अधिकार शेतकऱ्याला मिळवून देणारी ती संघटना होती. १९९६ मध्ये डॉ. राव यांचे निधन झाले, आणि कन्या अनुराधा देसाई व पुत्र व्यंकटेश आणि बालाजी यांनी धुरा घेतली. क्लब विकत घेतला तो या भावंडांनी.

आरंभ मात्र सुखाचा झाला नाही. चारच आठवड्यांत व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये अध्यक्ष विल्यम्स गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ कारभाराची नस जाणणारे वरिष्ठ अधिकारीही बाहेर पडले. जुनी कारकुनी निघून गेल्यावर नव्या धन्याला दफ्तर लागत नाही, हे आपल्या संस्थानी इतिहासात वारंवार घडलेले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यास आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. इंग्लंडातील हंगाम त्या वेळी ऐन भरात होता आणि तिकडील प्रेक्षक धास्तावलेले होते. डिसेंबरमध्ये क्लबच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कारभाराच्या स्थितीविषयी मालकांना कळकळीचे पत्र लिहिले. पुढे ते वृत्तपत्रांच्या हाती लागले. त्यातील नावानिशी तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

७ मे २०१२ रोजी इवुड पार्कवर विगन ॲथलेटिकने १–० असा विजय मिळवला, आणि क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या विगनचे मालक डेव्ह व्हेलन हे होते, १९६० मध्ये रोव्हर्सच्या अंगरख्यात ज्यांचा पाय मोडला तेच. सामना चालू असताना कोणीतरी क्लबच्या निशाणात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. महाराष्ट्रात ज्या पक्ष्यावर असंख्य शेतकरी कुटुंबांची चूल पेटते, तो तेथे उपहासाचे चिन्ह व्हावा याचे पुणेकराला वाईट वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या गावाने ते केले त्याच्या अंतःकरणातील वेदनाही तितक्याच खऱ्या होत्या. डॉ. रावांनी कुक्कुटपालकाला त्याच्या अंड्याच्या दरावर जो शब्द मिळवून दिला, तसाच एक शब्द तो प्रेक्षक आपल्या क्लबच्या भवितव्यावर मागत होता. ही मागणी मालकाच्या राष्ट्रीयत्वाविरुद्ध होती असे समजणे मला अन्यायाचे वाटते.

खरा दोष कोठे होता, ते पुढील हंगामाने स्पष्ट केले. कीन गेले. हेनिंग बर्ग, जे १९९५ च्या विजेत्या संघातील बचावपटू होते, तीन वर्षांच्या करारावर आले आणि ५७ दिवसांत पदमुक्त झाले. त्यानंतरचे मायकेल ॲपल्टन ६७ दिवस टिकले. बर्ग यांनी कराराप्रमाणे भरपाई मागितली. क्लबने प्रथम ती देय असल्याचे मान्य केले, आणि नंतर असे म्हणणे मांडले की ज्या कार्यकारी संचालकाने तो करार केला त्याला तसा अधिकारच नव्हता. एकदा दिलेली कबुली मागे घेण्यास मँचेस्टरच्या न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि २२ लाख ५० हजार पौंडांचा भार क्लबवर आला. आपल्या जुन्या दफ्तरी भाषेत सांगायचे तर हा तंटा अखत्याराचा होता. मालक एका खंडात, मैदान दुसऱ्या खंडात, आणि मध्ये सल्लागार, कार्यकारी संचालक व व्यवस्थापक असे तीन-चार मुखत्यार, पण कोणाची मुखत्यारी कोठवर हे कागदावर नीट उतरलेले नाही, अशा स्थितीत घरचा असो की दारचा, कोणताही धनी गोत्यात येईल.

मालक देशी असला म्हणजे क्लब सुरक्षित राहतो, असेही नव्हे. लँकेशायरच्याच पट्ट्यातील बरी हा १८८५ चा क्लब इंग्रज मालकाच्या हाती असतानाच २०१९ मध्ये लीगमधून बडतर्फ झाला. व्हेलन यांनी २०१८ मध्ये विगन हाँगकाँगच्या कंपनीस विकला, तो जून २०२० मध्ये आणखी एका परदेशी हाती गेला, आणि महिनाभरातच दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे आला. या तुलनेत पुण्याच्या घराण्याने, टीका सोसत असताना आणि परतफेडीची आशा नसताना, वर्षामागून वर्षे ब्लॅकबर्नची तूट भरून काढली. खेळाडूंचे पगार थांबले नाहीत, मैदान गहाण पडून कोणी उचलून नेले नाही. ही गोष्ट त्यांच्या जमेच्या बाजूस ठळक अक्षरांत लिहिली पाहिजे.

२०१७ मध्ये संघ शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३–१ असे हरवूनही केवळ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर असा प्रसंग त्याआधी आला नव्हता. व्यवस्थापक टोनी मोब्रे यांना मालकांनी त्यानंतरही पदावर कायम ठेवले. घाईने माणसे न बदलण्याचा हा शहाणपणा अनुभवातून आला असावा. एका वर्षातच, एप्रिल २०१८ मध्ये, डॉनकास्टर येथे चार्ली मलग्रूच्या गोलाने बढती निश्चित झाली. कारभार स्थिरावला, तो या मोब्रे यांच्या पाच वर्षांत.

२०२० पासून पुढे

विद्यमान काळाचा इतिहास लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही. नोंदी तेवढ्या देतो. २०२३ मध्ये बढतीच्या शर्यतीत राहण्यासाठी लागणारे पहिल्या सहांतील स्थान गोलफरकाने हुकले. परकीय चलनविषयक कायद्याखाली भारतात सुरू असलेल्या चौकशीच्या ओघात मालकांना इंग्लंडात पैसा धाडण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची अनुज्ञा घ्यावी लागू लागली, आणि त्यासाठी जेवढी रक्कम धाडायची तेवढ्याची बँक-हमी देण्याची अट आली. पुण्याहून निघणारा पैसा ब्लॅकबर्नला पोचण्यापूर्वी दिल्लीच्या न्यायासनापुढे थांबू लागला, तेव्हा विलायतेतील तिकीट-खिडकीवरचा माणूसही भारतीय न्यायालयाच्या तारखा पाठ करू लागला. २०२५ मध्ये महिला संघास दुसऱ्या श्रेणीच्या आर्थिक अटी पुऱ्या करणे शक्य नसल्याने खालच्या पायरीवर जावे लागले. ज्या मुलींनी तेथवर मजल मारली होती त्यांच्याविषयी वाटणारी हळहळ येथे नमूद करतो.

२१ जुलै २०२५ रोजी इंग्लंडात फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा मंजूर झाला, आणि स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. यापुढे क्लबांना परवाना लागेल, नव्या मालकाची कसून छाननी होईल, आणि क्लबचे रंग, बोधचिन्ह किंवा मैदान बदलताना प्रेक्षकांचे मत डावलता येणार नाही. मालकीच्या उताऱ्यावर वहिवाटदाराचे नाव चढण्याची ही सुरुवात आहे, असे मी समजतो. ज्या रोव्हर्स समर्थकांनी पावसात मोर्चे काढले, पत्रके वाटली आणि टिंगल सहन केली, त्यांच्या श्रमांना त्यात वाटा आहे.

क्लबचे ब्रीदवाक्य ‘कौशल्याने आणि श्रमाने’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे आहे, आणि तेच गावचेही आहे. ब्रॉकहॉल येथील युवा केंद्र वॉकर यांच्या काळापासून त्या ब्रीदाला जागत आले आहे. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला ॲडम व्हार्टन सहाव्या वर्षी क्लबमध्ये दाखल झाला, येथेच वाढला, आणि तिजोरी अडचणीत असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये, १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला. तो पुढे इंग्लंडच्या संघातून खेळला, आणि मे २०२५ मध्ये वेम्बलीवर पॅलेसने एफ. ए. कप जिंकला तेव्हा त्या संघात होता. ब्लॅकबर्नच्या मुलाने चषक उचलला, पण अंगरखा दुसऱ्या क्लबचा होता. त्याचा थोरला भाऊ स्कॉट हाही याच केंद्रातून आला. तो रोव्हर्सच्या बचावफळीत खेळला, आणि क्लबच्या १५० व्या वर्षीही त्याचे नाव संघाच्या यादीत होते.